टिश्यू इंजिनिअरिंग : नाशिकहून पुढची वाट

आपली मुलगी नाशिकमध्ये सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करत आहे आणि वैद्यकीय पदवीशिवाय तिला टिश्यू इंजिनिअरिंगमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जिवंत पेशींपासून ऊती व अवयव घडवण्याच्या क्षेत्रात, जाता येईल का, असे आपण विचारले आहे. निश्चितच जाता येईल. या विषयाची चौकट घालून देणारा 1993चा ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेतील लेख रॉबर्ट लँगर या रसायन अभियंत्याने आणि जोसेफ व्हॅकांटी या शल्यविशारदाने मिळून लिहिला होता, म्हणजे एकाच विद्याशाखेचे हे काम मुळातच नव्हे.

एम.एस्सी.साठी ‘गॅट-बी’ ही जैवतंत्रज्ञानाची प्रवेश परीक्षा, नंतर ‘नेट’ ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि साधारण पाच वर्षांची पीएच.डी., असा मार्ग आहे. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आपल्याला जवळचे. जैवपदार्थांची, म्हणजे शरीरात वापरता येणाऱ्या साहित्याची, ओढ असेल तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचाही जरूर विचार करावा.

मात्र पदव्यांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती हाताची शिस्त. 37 अंश तापमानाला वाढणाऱ्या पेशींचे पोषकद्रव्य दर दोन-तीन दिवसांनी बदलावेच लागते, मग रविवार असो वा दिवाळी. ते गुलाबीसर लाल द्रव पिवळे पडले की आम्लता वाढली, आणि गढूळले की बहुधा जंतुसंसर्ग होऊन महिन्याची मेहनत वाया गेली, असे समजावे. रक्तवाहिनीपासून सुमारे 200 मायक्रोमीटरपलीकडच्या पेशींना प्राणवायू पुरत नाही, त्यामुळे जाड अवयव घडवणे अजूनही अवघड आहे, आणि नव्या संशोधकांना खरा वाव तिथेच आहे. तिने या सुट्टीतच पुण्यातील एखाद्या प्रयोगशाळेत उमेदवारीसाठी अर्ज करावा.