मदत हवी आहे: आधी प्रॅक्टिस की एलएलएम (कायद्यातली मास्टर्स)?

मंडळी, भाची एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिच्या डोक्यात एकच विषय, द हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. तिथे आरोपीची किंवा पीडितांची बाजू मांडणाऱ्या वकिलांच्या यादीत यायला फौजदारी कामाचा किमान १० वर्षांचा अनुभव लागतो. तिला मात्र लगेच परदेशात एलएलएम करायचंय. माझं मत, आधी खालच्या कोर्टात उलटतपासण्या कराव्यात, साक्षीदार फितूर झाला की खटला कसा कोसळतो ते बघावं. १९९८चं रोम स्टॅट्यूट (ज्या करारातून हे न्यायालय उभं राहिलं तो) पाठ असून काय उपयोग, जबाबातली विसंगती डोळ्यांना दिसली नाही तर? (मामाचं ऐकतंय कोण म्हणा!)

या क्षेत्रातलं कोणी आहे का इथे? हेगच्या त्या न्यायालयात फ्रेंच भाषेवाचून कितपत अडतं? आणि मानवी हक्क संस्थेत पीडितांसाठी केलेलं काम त्या १० वर्षांत धरतात का?