घोड्याची उंची : ६३ इंच म्हणजे १५.७५ हँड की १५.३?

प्रश्न (तापीकाठ)
दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात एक मारवाडी घोडी बघितली, विकणारा म्हणाला ६३ इंची आहे. घरी येऊन परदेशी साइटवर बघतो तर सगळं हँडमध्ये. १ हँड = ४ इंच म्हणून ६३ भागिले ४ केलं, १५.७५ आलं, पण तिथल्या तक्त्यात ६३ इंचासमोर १५.३ लिहिलंय. तक्ता चुकलाय का माझं गणित? आजोबा तर म्हणतात पंधरा हात म्हणजे घोडी आहे का ताडाचं झाड 😄

नालबंद_०७
दोन्ही बरोबर. तो टिंब दशांशचिन्ह नाहीये भाऊ, टिंबाच्या पुढे उरलेले इंच लिहितात. १५ चोक साठ, बाकी ३, म्हणून १५.३, वाचायचं पंधरा हँड तीन इंच. त्यामुळे टिंबापुढे ०, १, २, ३ एवढंच येणार, १५.४ कुणी लिहिलं असेल तर ते १६ झालं. क्रिकेटच्या ओव्हरसारखं बघ, १५.३ ओव्हर म्हणजे साडेपंधरा, तसंच.

जुनी_मापं
आजोबांचा हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा, साधारण दीड फूट, त्या हिशोबाने पंधरा हात म्हणजे साडेबावीस फूट 😂 इंग्रजांचा हँड नुसत्या पंजाच्या रुंदीचा. आठव्या हेन्रीच्या काळात तिकडे कायद्यानेच तो ४ इंचाचा ठरवला.

तापीकाठ
ओव्हरचं डोक्यात बसलं 🙏 म्हणजे ५८ इंच = १४.२ ना?

नालबंद_०७
हो, आणि नेमकं तेच लक्षात ठेव, तिकडे साधारण १४.२ पर्यंत पोनी धरतात. सेंमी दिले असतील तर आधी २.५४ ने भागायचं, १६० सेंमी म्हणजे ६३ इंचच.
पण मला विचारशील तर हँडचं सोड, ते ६३ मोजले कसे ते विचार. उंची डोक्यापर्यंत धरत नाहीत, मान संपून पाठ सुरू होते तिथे खांद्यांच्या मध्ये उंचवटा असतो, तिथून सरळ खाली जमिनीपर्यंत. टेप अंगावरून वळवत नेला की इंच दीड इंच असाच वाढतो, वर पायात जाड नाल, आणि घोडी उभी केलेली मुरुमाच्या उंचवट्यावर. सपाट फरशी बघ, आडवी पट्टी लावलेली काठी घेऊन जा, दोनतीनदा मोज.

तापीकाठ
नाल होते खरे. आणि जागा पण उताराची होती राव... रविवारी काठी घेऊन परत जातो.