ग्रँड कॅन्यनची खासगी राफ्टिंग ट्रिप: १६ जण, १६ दिवस. तयारी कशी करावी?

वाळूकाठ:
मंडळी, लॉटरीत पुढच्या जूनचं परमिट लागलं आहे. लीज फेरीला राफ्ट कोलोरॅडो नदीत घालायच्या आणि डायमंड क्रीकला बाहेर काढायच्या, म्हणजे २२६ मैल. माणसं १६, अठरा फुटी राफ्ट पाच, सगळ्या वल्ह्यांच्या. वल्हवणारे पाचही जण चौथ्या श्रेणीपर्यंतच्या पाण्यात तयार आहेत, पण इतकं सामान लादून इतके दिवस सलग कुणीच गेलेलं नाही. व्हिडिओ बघून सगळ्यांच्या डोक्यात लाव्हा फॉल्स हा रॅपिड (खडकांतून उसळत जाणाऱ्या पाण्याचा टप्पा) बसला आहे. कुठल्या रॅपिडला थांबून पाहणी करायची? पिण्याचं पाणी आणि शौचाची सोय यांचा हिशेब कसा लावायचा? शिवाय ओळखीतला एक गाइड पैसे घेऊन सोबत यायला तयार आहे. ते चालतं का?

वल्हेकरी:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: चालत नाही. खासगी परमिटवर पैसे घेऊन नेणारा गाइड नेता येत नाही. खर्च सगळ्यांनी समान वाटून घ्यायचा, कुणीही नफा कमवायचा नाही. भाड्याने सामान घेणं, किंवा दुकानाकडून जेवणाचं सामान बांधून घेणं चालतं. पार्कच्या नियमाप्रमाणे माणसाला वर्षात एकदाच कॅन्यनची सफर करता येते, तेव्हा यादीतल्या कुणी त्याच वर्षी व्यावसायिक ट्रिप तर केलेली नाही ना, हे आत्ताच विचारून घ्या. लीज फेरीला रेंजर प्रत्येकाचं ओळखपत्र बघतो.

आता पाणी. लीज फेरीच्या वरच्या अंगाला साधारण १५ मैलांवर ग्लेन कॅन्यन धरण आहे आणि नदी त्याच्या विसर्गावर चालते. नेहमीच्या नियमाप्रमाणे दिवसा किमान ८,००० क्युसेक, रात्री किमान ५,०००, कमाल २५,०००. विजेच्या मागणीप्रमाणे पाणी रोज चढतं-उतरतं आणि ही लाट खाली पोचायला वेळ घेते. त्यामुळे धरणापाशी पाणी चढलं तरी तुमच्या कॅम्पला ते कित्येक तासांनी पोचणार. कॅम्पला लागलात की पाण्याच्या कडेला काडी रोवा आणि तासाभराने बघा. पाणी उतरत असेल तर राफ्ट खोल पाण्यात ढकलून लांब दोरीने बांधा, दोर दोन वेगवेगळ्या ठिकाणी अडकवा, आणि झोपण्याआधी पुन्हा एकदा बघा. भरलेली राफ्ट रात्रीतून वाळूवर बसली तर सकाळी सामान उतरवल्याशिवाय हलत नाही. टोकदार खडकावर बसली तर तळ फाटतो.

रॅपिडना इथे १ ते १० अशी वेगळी श्रेणी आहे, तुमच्या ओळखीची १ ते ६ वाली नव्हे. थांबून बघायलाच हवेत असे: हाउस रॉक (लीज फेरीपासून मैल १७), हान्स (७७), हॉर्न क्रीक (९०), ग्रॅनाइट (९३), हर्मिट (९५), क्रिस्टल (९८), बेडरॉक (१३०) आणि लाव्हा (१७९). हान्स आणि हॉर्न कमी पाण्यात जास्त वाईट, कारण खडक उघडे पडतात. क्रिस्टल आजच्या रूपात आला तो १९६६ च्या डिसेंबरातल्या पुराने. बाजूच्या खोऱ्यातून दगडगोटे येऊन नदी अरुंद झाली. तिथे उजवीकडे वेळेवर खेचणं हाच सगळा खेळ. होल (खडकामागे उलटं फिरून राफ्ट अडकवणारं पाणी) चुकवून खाली आलात तरी मधल्या खडकांच्या बेटावर राफ्ट आडवी जाऊन चिकटू शकते, म्हणून होल संपला की वल्ही सैल सोडू नका. बेडरॉकला मधला प्रचंड खडक पाणी दुभागतो. उजवीकडूनच जायचं, डावीकडे ओढले गेलात तर राफ्ट खडकांत सापडते.

लाव्हाला वरच मध्यभागी लेज होल आहे, तो चुकवायचा. कमी आणि मध्यम पाण्यात उजवी वाट घेतात, पाणी बरंच वाढलं की डावी वाट उघडते. उजवीकडून गेलात तर खाली उजव्या हाताला 'चीज ग्रेटर' म्हणतात तो काळा खडक आहे. लाटांनी राफ्ट तिरकी झाली की तिकडेच ढकलते. पुढचं टोक लाटेला सरळ धरा. पाहणी झाल्यावर काठावर फार वेळ घालवू नका, पाण्याची पातळी बदलली की वाटही बदलते.

रेतीकण:
रॅपिडचं वर आलंच आहे. खरं तर ट्रिप बिघडते ती स्वयंपाकघरात. सोळा जणांत एकाला नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबांचा विषाणू) झाला की दोन दिवसांत निम्मी मंडळी आडवी, आणि दरीत तर तसं कुणालाच परवडत नाही. त्या विषाणूवर अल्कोहोलच्या जेलचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून साबण आणि वाहतं पाणी हवं. पायाने दाबायच्या पंपाची हात धुण्याची सोय दोन ठिकाणी लावा: एक शौचाच्या वाटेवर, एक स्वयंपाकघराच्या तोंडाशी. हात धुतल्याशिवाय कुणी सुरी उचलायची नाही, मग तो कितीही अनुभवी असो. वेफर्सच्या पाकिटात हात घालू नका, ताटात ओतून घ्या.

भांड्यांसाठी चार बादल्या: खरकटं काढायला गार पाणी, मग गरम साबणाचं, मग गरम स्वच्छ, शेवटी ब्लीच घातलेलं गार. भांडी पुसायची नाहीत, जाळीच्या पिशवीत टांगून वाळवायची. सांडपाणी बारीक चाळणीतून गाळून मुख्य प्रवाहात ओतायचं, चाळणीतला गाळ कचऱ्यात. वाळूवर सांडलेला भातसुद्धा उचला. लाल मुंग्या त्याच्यामागे येतात आणि त्यांचा चावा फार दुखतो.

पिण्याचं पाणी: पहिल्याच मैलावर पारिया नदी मिळते, ६१ मैलांच्या पुढे लिटल कोलोरॅडो. त्या गढूळ असतील तर फिल्टर काही मिनिटांत चोंदतो. उपाय जुनाच: तुरटी. वीस लिटरच्या बादलीत पाव चमच्यापासून सुरुवात करा, ढवळा, रात्रभर निवळू द्या, गाळ फारच असेल तर प्रमाण थोडं वाढवा. वरचं पाणी अलगद काढून फिल्टरमधून घ्या, मग बिनवासाचा साधा ब्लीच (६ टक्क्यांचा) लिटरला दोन थेंब आणि अर्धा तास थांबा. जूनमध्ये पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी सहा लिटर धरा, म्हणजे रोज जवळपास शंभर लिटर. सहा बादल्या तरी हव्यात. नुसतं पाणी ढोसत राहू नका, खारवलेलं काहीतरी सोबत खा. मीठ कमी पडून होणारा त्रास उन्हाच्या त्रासासारखाच दिसतो, आणि त्यात आणखी पाणी पाजलं तर माणूस बिघडतो.

वाळूकाठ:
खूप उपयोगी! दुकानदार मैला भरून परत आणायचे शौचाचे किती डबे पाठवू, असं विचारतोय. आणि लघवीचं काय?

रेतीकण:
एका मोठ्या अ‍ॅमो कॅनमध्ये (घट्ट झाकणाचा लोखंडी डबा) साधारण ५० वेळचा शौच धरा. १६ माणसं गुणिले १६ दिवस म्हणजे २५६, म्हणून सहा डबे, म्हणजे थोडी जागा शिल्लक राहते. लघवी डब्यात नाही, सरळ नदीत. वाळूवर केली तर तो कॅम्प आठवड्यात घाण मारू लागतो. लघवीने डबा भरला तर हिशेब कोसळतो, म्हणून पहिल्याच संध्याकाळी हे सगळ्यांना स्पष्ट सांगा. सकाळी डबा सर्वांत शेवटी बंद करायचा, झाकणाच्या रबरावर वाळू नाही ना हे बोट फिरवून बघायचं. एक कण अडकला तरी उन्हात वास आणि गळती दोन्ही.

खडकवाट:
बांधणीबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून. राफ्ट उलटणार असं धरूनच सामान बांधायचं. प्रत्येक डबा, कूलर, पेटी फ्रेमला पट्ट्याने. पट्ट्याचं मोकळं टोक खोचलेलं, लोंबतं राहिलं तर पोहणाऱ्याचा पाय अडकतो. सुटं वल्हं अशा ठिकाणी बांधा जिथून राफ्ट उलटी असतानाही सोडवता येईल. प्रथमोपचार आणि अडकलेली राफ्ट ओढायची पुली-दोराची पिशवी शेवटच्या राफ्टवर ठेवा, कारण अडचण पुढच्यांना येते आणि मदत मागून येते. उलटली तर आधी माणसं मोजा, मग राफ्ट. पाणी धरणाच्या खोल भागातलं, म्हणून गार आहे, वर चाळीस अंशांचं ऊन असलं तरी मोठ्या रॅपिडआधी स्प्लॅश जॅकेट घालाच. सॅटेलाइट फोन आणि इशाऱ्याचा आरसा दोन वेगळ्या राफ्टवर.

२२६ ला १६ ने भागलं तर रोज १४ मैल होतात. दुपारनंतर वारा उलट्या दिशेने सुटतो आणि भरलेली राफ्ट जागच्या जागी थांबते. सहाला निघालात तर बारापर्यंत बरंचसं अंतर होऊन जातं.

डायमंड क्रीकची जागा डाव्या काठाला, रॅपिडच्या अगदी वर आहे. शेवटचा मैल डावीकडे चिकटून या. ती जमीन हुआलापाई जमातीची आहे. माणशी आणि गाडीचं शुल्क त्यांना वेगळं भरावं लागतं, पार्कच्या परमिटमध्ये ते धरलेलं नसतं. पीच स्प्रिंग्ज गावापर्यंतचा कच्चा रस्ता ओढ्यातूनच जातो आणि पावसाळी पुराने बंद पडू शकतो. जूनमध्ये शक्यता कमी, तरी गाडीवाल्याशी आदल्या दिवशी सॅटेलाइट फोनवर बोलून घ्या.