आझाद मैदानाला कुलूप कशाला?

मळ्यातली: काल इथं एकानं लिहिलं की पणजीतलं आझाद मैदान आणि चर्चसमोरची गार्सिया द ओर्ता बाग संध्याकाळी सहालाच बंद करावी, कारण "मोर्चेवाले आणि रिकामटेकडे जमतात". वाचून डोकं फिरलं. 18 जून 1946 ला राममनोहर लोहियांची पोर्तुगीज राजवटीविरुद्धची सभा मडगावात उघड्यावरच झाली ना? त्या जागेला आज आपण लोहिया मैदान म्हणतो. आझाद मैदानात तर गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या टी. बी. कुन्हांचं स्मारक आहे. तिथं माणसं जमायची नाहीत, तर कुठं जमायची? माझे वडील गुडघे धरून रोज सातला बागेतल्या बाकावर बसतात. ते रिकामटेकडे का?

पर्वरीचा: ते मीच लिहिलं. बाय, वडिलांबद्दल नव्हतं ते. गेल्या महिन्यात मुलीला बागेत नेलं, बाकाखाली बाटली फुटलेली. तिच्या टाचेत काच रुतली, तीन टाके पडले. तेव्हा लोहिया आठवत नाहीत.

फोंड्याचा: खरा प्रश्न पार्किंगचा. चर्चला तीन फेऱ्या मारल्या तरी जागा नाही. बागेची एक बाजू गाड्यांना द्या.

मळ्यातली: बागेत गाड्या? कदंब बस स्टँडवर उतरा, पाटो पुलावरून चालत या. पंधरा मिनिटं लागतात.

फोंड्याचा: माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिला पूल चालायला लावू? तुमचं घर पाच मिनिटांवर, म्हणून बोलायला सोपं.

सांतिनेजचा: आईला चर्चपाशी उतरवा आणि गाडी लांब लावा, आम्ही तेच करतो. 1843 मध्ये पणजी राजधानी झाली तेव्हा मोटारी नव्हत्या, म्हणून रस्ते असे. आता गाड्यांपायी सावली तोडायची? भर मे महिन्यात त्या बागेत शिरलं की अंगातला ताप उतरतो. आझाद मैदानात सावलीच कमी, म्हणून दुपारी तिथं कुणी थांबत नाही. तिथं झाडं लावा.

फोंड्याचा: झाडं लावा, पण बसायची सोय तरी करा. आईला उतरवलं तर ती उभी राहणार का?

मळ्यातली: हे मान्य. मैदानात बाक वाढवा, सावलीत.

पर्वरीचा: टाके विसरणार नाही मी. पण सहाचं सोडतो. रात्री दहापर्यंत उघडं ठेवा आणि एक राखणदार नेमा, काच उचलणारा. राखणदार नसेल तर कुलूपच बरं.

मळ्यातली: राखणदाराच्या अर्जावर पहिली सही माझी. कुलपाच्या अर्जावर मिळणार नाही.