वर्कशॉपमधे डिलिव्हरीच्या तारखा पाळायच्या कशा? अन् उशीर होणार असंल तर गिऱ्हाइकाला सांगायचं कसं?

परभणी_वेल्डिंग
नमस्कार मंडळी. परभणीजवळ आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप हाय, गेट, ग्रील, शटर, पत्र्याचे शेड सगळं करतो. अण्णांनी उभं केलेलं, आता मीबी त्यांच्यासोबत बघायलोय. दोन वेल्डर, दोन हेल्पर अन् एक पेंटर. काम भरपूर हाय, अडचण अशी की ऑर्डर तीन वाटांनी येतात, अण्णांच्या फोनवर, माझ्या व्हॉट्सॲपवर, अन् ओळखीचा माणूस असला की थेट वेल्डरच्याच हातात माप देऊन जातो. अण्णांना समोरच्याला नाही म्हणवत नाही, "गुरुवारी घेऊन जा" म्हणतात अन् त्याच गुरुवारचा शब्द मी दुसऱ्याला दिलेला असतो. मग माणूस टेम्पो घेऊन दारात येतो तर गेटला अजून प्रायमरबी लागलेला नसतो. वास्तुशांती तोंडावर असली की लोक लई चिडतात, अन् त्यांचं काही चुकत नाही. आता मृगाच्या आधी सगळ्यांनाच शेड पाहिजे. अण्णांना न दुखावता ह्याला शिस्त कशी लावावी?

जालना_वर्कशॉप
भाऊ, तुमच्या लिहिण्यातच उत्तर हाय. दोन वेल्डर अन् एक पेंटर. म्हणजे तुमची तारीख वेल्डिंगवरून ठरत नाही, पेंटवरून ठरते. वेल्डर दोन दिवसात तीन गेट उभे करतील पण ग्राइंडिंग, मग रेड ऑक्साईडचा प्रायमर, तो वाळायचा, मग ऑइल पेंटचे दोन हात, प्रत्येक हात वाळायला एक रात्र धरा अन् पावसाळ्यात त्याहून जास्त. तारीख देताना पेंटरच्या पुढं किती माल पडलाय ते आधी मोजायचं अन् तिथून फिटिंगपर्यंतचे दिवस मिळवायचे.

दुसरं, एक मोठा पांढरा बोर्ड घ्या अन् अण्णांच्या खुर्चीसमोरच लावा. गिऱ्हाइकाचं नाव, माप, कटिंग, वेल्डिंग, पेंट, फिटिंग, अन् दिलेली तारीख. बोर्डावर नाही ते काम वर्कशॉपमधे नाही, वेल्डरला माप दिलेलंबी आधी बोर्डावर यायला पाहिजे. वही नका करू, वही ड्रॉवरमधे जाते अन् मग एकट्यालाच माहीत असते, बोर्ड येताजाता सगळ्यांना दिसतो, हेल्परलाबी कळतं की आज काय निघायचंय.

अन् एक गोष्ट कुणी धरतच नाही. शेतकरी ट्रॉलीचा हूक तुटला म्हणून येतो, रोटाव्हेटर घेऊन येतो, पेरणीच्या तोंडावर त्याला परत पाठवता येत नाही अन् पाठवूबी नये. पण त्यात सगळा प्लॅन मोडतो. म्हणून रोजचे दोन तास रिपेरिंगला मोकळेच ठेवायचे, तेवढं सोडून बाकीच्या वेळेचाच शब्द द्यायचा. कुणी आलंच नाही तर मागचं काम पुढं सरकतं.

लातूर_मसाला_पापड
दादा माझा धंदा वेगळा आहे पण दुखणं तेच. आमच्याकडं सासूबाई ऑर्डर घेतात अन् उन्हाळ्यात मिरची-मसाल्याच्या दिवसात सगळ्या बायकांना एकदमच पाहिजे असतंय. अण्णांचा फोन काढून घेऊ नका, लोक त्यांच्या शब्दावर येतात, ती तुमच्या धंद्याची खरी कमाई आहे. त्यांना एवढंच म्हणा की तारीख लगेच देऊ नका, "बोर्ड बघून संध्याकाळपर्यंत कळवतो" म्हणा. ह्यात नाही म्हणायचंच नाही त्यामुळं त्यांना जड जात नाही. सासूबाईंचं असंच जमलं, आता त्याच मला विचारतात की शुक्रवारी जागा आहे का.

फोनवर बोलणं झालं की लगेच व्हॉट्सॲपवर टाकायचं, काय, किती, कधी, पैसे किती आले किती राहिले. समोरच्याचं "ओके" आलं की झालं पक्कं. अन् उशीर होणार हे ज्या दिवशी कळालं त्याच दिवशी सांगायचं, तारखेच्या सकाळी नाही. नुसतं "थोडं लेट होईल" म्हणलं की माणूस रोज फोन करू लागतो. कारण सांगा, नवी तारीख सांगा अन् गेटचा फोटो पाठवा, काम चालू आहे हे दिसलं की निम्मा राग तिथंच जातो. वास्तुशांतीवाल्याला तर आधीच विचारून घ्या की पूजा कधी आहे, ते बोर्डावर लाल पेनानं लिहा.

बीड_ट्रेडर्स
सरळ आठ दिवस जास्तीचे सांगायचे, विषय संपला.

जालना_वर्कशॉप
@बीड_ट्रेडर्स दोनचार वेळा चालतंय, मग लोकांना कळतं की ह्यांचे पंधरा दिवस म्हणजे सात दिवस, अन् ते सातव्या दिवशीच दारात येतात. एखादा दिवस हाताशी ठेवावा, त्याच्या पुढं नाही.

नांदेड_हिशेब
तारखेसोबत पैशाचंबी बोलून ठेवा. पाईप-पत्र्याचे भाव हलतात, म्हणून कोटेशनवर "भाव ७ दिवसांसाठी" असं लिहाच, अन् मालाचे पैसे निघतील एवढा ॲडव्हान्स आल्याशिवाय कटिंग सुरू करू नका. गुत्तेदारांचं काम करत असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, ऑनलाइन आहे, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु अन् मध्यम उद्योगांचा कायदा २००६ चा आहे, त्यात सूक्ष्म अन् लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार नसंल तर १५ दिवसात, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसात द्यावं लागतं, त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेबी दर महिन्याला चक्रवाढ. अन् २०२४ पासून मुदत उलटली अन् मार्चअखेरपर्यंतबी पैसे दिले नाहीत तर गुत्तेदाराला त्या वर्षीच्या इन्कम टॅक्समधे तो खर्च दाखवता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो, मार्चमधे त्याचा सीएच त्याला आठवण करतो.

परभणी_वेल्डिंग
सगळ्यांचे मनापासून आभार. पेंटरचं गणित ध्यानातच आलं नव्हतं, आज मोजलं तर त्याच्या पुढं पाच गेट अन् एक शटर पडलंय. बोर्ड उद्याच आणतो. ताई, तुमचं "संध्याकाळपर्यंत कळवतो" अण्णांना सांगितलं, म्हणले एवढं तर जमंल. फक्त एका गुत्तेदाराचं काम चालू हाय, जुने संबंध, सगळं तोंडीच. मधेच लेखी मागितलं तर त्याला वाईट वाटंल का?

नांदेड_हिशेब
चालू कामाला हात लावू नका. पुढच्या बिलापासून बिलावरच उद्यम नंबर अन् पेमेंटची तारीख छापा अन् सगळ्या गिऱ्हाइकांना तसंच बिल द्या, म्हणजे त्याच्या एकट्यासाठी केलं असं वाटणार नाही. माल उतरला की चलनावर त्याच्या माणसाची सही अन् तारीख घ्यायला विसरू नका, दिवस तिथूनच मोजले जातात.