चर्चेच्या तासाला काय वाचायचं, हे विद्यार्थ्यांनी ठरवावं का?

प्राध्यापिका, बीड (धागाकर्ती): बी.ए. दुसऱ्या वर्षाला मराठीचा शुक्रवारचा तास चर्चेचा असतो. यंदा त्याचं वाचन मी मुलांवर सोपवलं, आणि सगळ्याच कॉलेजांनी ते करावं असं माझं ठाम मत आहे. एका मुलीनं आईवडिलांच्या उचलीचा, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेल्या पैशांचा, कागद आणला. मजूर नेणाऱ्या मुकादमानं लिहून घेतलेला. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांची एकच जोडी धरलेली, खाडा पडला की पैसे कापणार, सही मात्र एकट्या नवऱ्याची. एरवी हजेरीपुरतं तोंड उघडणारी पोरं त्या दिवशी बेल झाली तरी उठेनात. बाईच्या घामाचे पैसे कुणाच्या हातात पडतात, यावर मुलींनी मुलांना निरुत्तर केलं. मी नेमलेल्या एकाही धड्यावर असा वाद झालेला नाही.

अंबाजोगाईकर: मॅडम, तळमळ पटते, पद्धत पटत नाही. तो कागद पोरं घरी बघतातच. मुकुंदराजांची समाधी आमच्या गावात, पण त्यांचा शके १११० चा मानला जाणारा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ किती जण आपणहून निवडतील? पुण्याच्या प्राध्यापकाच्या पोराला अवघड पुस्तक घरातल्या कपाटातही सापडतं. आमच्या पोरांची त्याच्याशी गाठ पडते ती वर्गातच, तीही शिक्षकानं आग्रह धरला तर. तो आग्रह सोडला की पोरं आहेत तिथंच राहतात.

बी.ए. तिसरं वर्ष, परभणी: सर, नेमलेल्या पुस्तकाचं गाईड बाजारात मिळतं. तेच पाठ करून आम्ही वर्गात बोलतो अन् ते चालूनही जातं. स्वतः आणलेल्या मजकुराचं गाईड नसतं, वाचावंच लागतं.

निवृत्त प्राचार्य, लातूर: आणि मोबाईलवर फिरणारा कचरा? चांगलं कोणतं हे कळायला आधी चांगलं वाचलेलं असावं लागतं.

धागाकर्ती: म्हणूनच अटी आहेत. चार पानांच्या आत, कुणी लिहिलं ते माहीत हवं, का निवडलं ते पाच ओळींत, आणि झेरॉक्स सोमवारीच सगळ्यांच्या हातात. निनावी फॉरवर्ड तिथंच गळतात. ‘विवेकसिंधु’ मी शिकवतेच, बाकीच्या तासांना, आणि आग्रहानं.

अंबाजोगाईकर: एक विचारतो. घरचं कर्ज असं वर्गासमोर आलं, उद्या त्या मुलीला कुणी टोचून बोललं तर?

धागाकर्ती: ही भीती मलाही होती. झेरॉक्स काढण्याआधी नावं आणि रक्कम झाक, असं मी तिला सांगितलं. नावं तिनं झाकली. रक्कम झाकायला तयार झाली नाही. “मॅडम, बोलायचं तर त्याच्यावरच आहे,” म्हणाली.