मदत हवी आहे: डायसल्फाइड बॉन्ड खरंच उघडलेला आहे की एक्स-रेने तोडलाय?

स्फटिकवेडी
नमस्कार मंडळी, प्रोटीन क्रिस्टलोग्राफीवाले (क्रिस्टलवर एक्स-रे टाकून प्रोटीनची रचना काढणारे) कुणी असाल तर प्लीज जरा बघा, डोक्याचं पार भजं झालंय.

पीएचडी करतेय, थायोरेडॉक्सिन घराण्यातलं एका बॅक्टेरियाचं प्रोटीन आहे. क्रिस्टल मस्त आले, लूपमध्ये उचलून लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकले, परदेशात सिंक्रोट्रॉनला (तीव्र एक्स-रे देणारं मोठं यंत्र) पाठवले आणि इथे बसून रिमोटने डेटा घेतला. १०० केल्विन, एक्स-रेची ऊर्जा १२.७ केईव्ही, क्रिस्टल पूर्ण ३६० अंश फिरवला, ट्रान्समिशन १००%, म्हणजे बीम अजिबात कमी न करता. क्रिस्टलची सिमेट्री ऑर्थोऱ्हॉम्बिक, रिझोल्युशन १.६ अँगस्ट्रॉम, म्हणजे डेटाला नावं ठेवायला जागा नाही.

पण कूटमध्ये (मॉडेल आणि इलेक्ट्रॉन डेन्सिटीचा मॅप बघायचं सॉफ्टवेअर) उघडलं की अॅक्टिव्ह साइटच्या दोन सिस्टीनमधल्या डायसल्फाइड बॉन्डवर (सल्फर-सल्फर जोडणी) लालभडक निगेटिव्ह पीक (मॉडेलमध्ये आहे, डेटात नाही) आणि एका सल्फरच्या शेजारी हिरवा गोळा (डेटात आहे, मॉडेलमध्ये नाही). सर खूश, म्हणतात रिड्यूस्ड फॉर्म (बॉन्ड उघडा, दोन्ही सल्फर सुटे) पकडलास, तसंच लिही. मला काही पटत नाहीये कारण प्युरिफिकेशनपासून शेवटपर्यंत डीटीटी (असे बॉन्ड उघडणारं रसायन) कुठेच वापरलेलं नाही, मग रिड्यूस केलं कुणी? रॅडडोस-थ्रीडी प्रोग्रॅमने डोस (क्रिस्टलने किती रेडिएशन शोषलं) काढला तर ११ मेगाग्रे येतो आणि सगळीकडे लिमिट ३० लिहिलंय, म्हणजे रेडिएशन डॅमेज नसावं ना? नवीन बीमटाइम इतक्यात मिळायचं लक्षण नाही, तर आहे त्याच डेटातून काही कळेल का?

जुनाट_चाफा
ताई, त्या ३० च्या आकड्याने भल्याभल्यांना फसवलंय. तो २००६ चा, ऑक्सफर्डच्या एल्सपेथ गार्मन यांच्या ग्रुपने फेरिटिनच्या क्रिस्टलवर मोजलेला, आणि तो आहे ग्लोबल डॅमेजसाठी, म्हणजे एकूण स्पॉट किती फिके पडतात त्यासाठी. त्याआधी हेंडरसनचा २० होता, १९९० चा, तोही त्याच अर्थाने. ठरावीक जागी होणारं डॅमेज त्याच्या खूप आधी सुरू होतं. मेटल सेंटर असेल तर ते सगळ्यात आधी रिड्यूस होतं, मग डायसल्फाइड, मग अॅस्पार्टेट-ग्लुटामेटचे कार्बोक्सिल उडतात, मग मेथिओनिन. २००० साली दोन-तीन ग्रुपनी हे वेगवेगळं दाखवलं. डायसल्फाइडला काही मेगाग्रे पुरतात, तुमच्याकडे तर ११ आहेत.

१०० केल्विनला पाण्यातले रॅडिकल बरेचसे जागीच अडकतात हे खरं, पण इलेक्ट्रॉन तेवढ्या थंडीतही फिरतात. एक फोटॉन शोषला गेला की त्यातून सुटलेला फोटोइलेक्ट्रॉन पुढे शेकडो आयनायझेशन करत जातो आणि डायसल्फाइडला इलेक्ट्रॉनची भारी हाव. रिड्यूस केलं कुणी, याचं उत्तर बहुधा हेच.

३६० अंश घेतलेत ते फार बरं झालं. ऑर्थोऱ्हॉम्बिकला ९० अंशात डेटा जवळपास पूर्ण होतो, तेव्हा पहिले ९० आणि शेवटचे ९० वेगळे प्रोसेस करा, युनिट सेल (क्रिस्टलचा मूळ ठोकळा) वाढलाय का बघा, मग त्याच मॉडेलच्या फेज वापरून शेवटच्यातून पहिला वजा असा एफओ-एफओ मॅप (दोन डेटामधला फरक दाखवणारा) काढा, फिनिक्स सॉफ्टवेअरमध्ये आयसोमॉर्फस डिफरन्स मॅप म्हणून आहे. पीक सल्फरवर आणि कार्बोक्सिलवर आले तर बीमचंच काम. आणि अॅक्टिव्ह साइट सोडून दुसरा डायसल्फाइड आहे का? त्याच्याकडे कुणी बघितलंच नसणार.

बिनसाखरेचा_चहा
डोस काढताना मदर लिकरमधले (क्रिस्टल ज्यात वाढतात त्या द्रावणातले) जड अणू टाकले होते का? कंडिशनमध्ये कॅकोडायलेट बफर असेल तर त्यात आर्सेनिक आलं, त्याची एज (जिथून शोषण एकदम वाढतं ती ऊर्जा) ११.८७ केईव्हीला आणि तुम्ही १२.७ वर, म्हणजे ते मजबूत शोषणार. नुसतं प्रोटीन आणि पाणी धरून काढलेल्या ११ ला काही अर्थ नाही.

स्फटिकवेडी
बापरे, कॅकोडायलेटच आहे, १०० मिलिमोलर!! डोसचं गणित आमच्या एका सीनियरच्या जुन्या फाइलवरून आलेलं, त्यात आर्सेनिक नव्हतंच.

मॅप काढला. टोकाला एक स्ट्रक्चरल डायसल्फाइड आहे, पहिल्या ९० मध्ये तो ठणठणीत, सल्फर-सल्फर अंतर २.०५ अँगस्ट्रॉम, आणि शेवटच्या ९० मध्ये त्याच्यावरही लाल पीक. दोन ग्लुटामेटचे शेंडे पण गेलेत. पण अॅक्टिव्ह साइटवाला पहिल्या ९० मध्येच अर्धवट उघडा दिसतोय, आता याचं काय करू? सर लगेच म्हणणार की बघ, तो आधीपासूनच रिड्यूस्ड होता.

जुनाट_चाफा
तसंही असू शकतं, सरांना अगदीच खोडून काढता येणार नाही. पण पहिले ९० अंश म्हणजे काही शून्य डोस नाही, आणि सगळे डायसल्फाइड सारख्या वेगाने तुटत नाहीत, अॅक्टिव्ह साइटवर ताण असतो, तिथे आधी तुटलेलं बऱ्याच स्ट्रक्चरमध्ये दिसलंय. या डेटाची उडी इथवरच. तूर्त दोन्ही रूपं ऑक्युपन्सी (कुठलं रूप किती प्रमाणात) वाटून मॉडेल करा, डॅमेजचं पेपरमध्ये सरळ लिहा, रिव्ह्यूअर विचारणारच आहे.

उरलेला एखादा क्रिस्टल लॅबच्या रोटेटिंग अॅनोडवर (लॅबमधला सौम्य एक्स-रे सोर्स) किंवा इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉनच्या पीएक्स (प्रोटीन क्रिस्टलोग्राफी) बीमलाइनवर लावा. ती बेंडिंग मॅग्नेटवर आहे, फ्लक्स (एक्स-रेचा मारा) कमी, इथे तेच हवंय. रिझोल्युशन २.३ आलं तरी बॉन्ड आहे की नाही ते दिसेल. कॅकोडायलेट आधी सोकिंग करून काढून टाका.

बिनसाखरेचा_चहा
त्याच्याही आधी एलमन टेस्ट (मोकळे थायॉल, म्हणजे सुटे सल्फर-हायड्रोजन गट, मोजायची) करा की! बीम न लागलेले क्रिस्टल स्वच्छ धुवून ग्वानिडिनमध्ये विरघळवा, डीटीएनबी (थायॉल भेटला की पिवळं होणारं रसायन) टाका, ४१२ नॅनोमीटरला बघा. पिवळं झालं नाही तर मोकळे थायॉल नाहीत, म्हणजे क्रिस्टल ऑक्सिडाइज्डच होता. सरांना मॅपपेक्षा क्युव्हेट लवकर पटेल.

स्फटिकवेडी
हे आधी कसं सुचलं नाही कुणाला! फ्रिजमध्ये दोन ट्रे पडलेत त्याच बॅचचे, पण क्रिस्टल बारीक आहेत. मायक्रो क्युव्हेटमध्ये भागेल ना, की सगळा ट्रे खरवडू?